वाहक : होय

मंगळवार, ११ जून. सकाळी अकरा. शाळेची दुसरी खोली.

हजर : हेडमास्तर. शाळा समितीचे अध्यक्ष, म्हणजे गावातले किराणा दुकानदार. वस्तीवरच्या मावशी, ज्या तेरा वर्षं या शाळेची खिचडी शिजवत होत्या. मावशींची सासू, जिला कोणी बोलावलं नव्हतं. आशाताई. आणि मी, उपकेंद्राची आरोग्यसेविका, जिच्यामुळे ही बैठक भरली.

गैरहजर : शहरातल्या संशोधन संस्थेच्या मॅडम. या बैठकीसाठी त्यांना दोनदा फोन, एकदा मेल. उत्तर नाही.

विषय : शाळा उघडल्यावर मावशींनी परत खिचडी शिजवायची की नाही.

हे मी त्याच दिवशी वहीत लिहिलं. नोकरीची चोवीस वर्षं मी रोज सकाळी वहीचं एक पान काढते, वर तारीख, खाली कामं, झालेल्या कामापुढे बरोबरची खूण. न झालेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर जातं. माझ्या वहीत सहसा एखादं काम दोन पानांपेक्षा जास्त फिरत नाही. आशाताई चेष्टा करतात, बाईंच्या यादीत नाव आलं की मेलेला माणूस पण उठून लस घेतो.

ही बैठक का भरली ते आधी सांगते.

आमचं गाव जिंतूरपासून एसटीनं पाऊण तास. गाव खाली, आंध या आदिवासी समाजाची वस्ती वर माळावर, मधे ओढा. दोन वर्षांपूर्वी वस्तीवरच्या एका बाळंतिणीची टाक्यांची जखम चिघळली. एक औषध झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. परभणीला नेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला तपासणीचा कागद दाखवला. औषधांच्या नावांची लांबलचक रांग आणि जवळपास प्रत्येकापुढे एकच शेरा, की जखमेतले जंतू या औषधाला दाद देत नाहीत. शेवटी एक इंजेक्शन चाललं. बाई वाचली, पण तिचं बाळ महिनाभर आईच्या दुधावाचून राहिलं. मी तो कागद घडी करून वहीत ठेवला. म्हणून त्या संस्थेच्या मॅडम जेव्हा आल्या आणि म्हणाल्या, की असेच जंतू धडधाकट माणसांच्या आतड्यात राहतात का ते आम्हाला वस्तीवर तपासायचंय, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, चला, कोणीतरी शोधायला आलं.

तपासणी शौचाची. प्रत्येक मोठ्या माणसाला एक प्लॅस्टिकची डबी, झाकणाला आतून चमचा. सकाळची भरून द्यायची. वस्तीवर हे कसं सांगायचं याचीही मी यादी केली होती, पण मावशींच्या सासूनं पहिल्याच घरात माझी यादी गुंडाळून ठेवली.

"बाई, मत मागायला येत्यात. अंगठा मागायला येत्यात. फोटू मागायला येत्यात. हे मागायला मातर पैल्यांदाच कुनी आलं."

सगळी वस्ती हसली आणि सगळ्यांनी डब्या घेतल्या. मी मॅडमना विचारलं, खालच्या गावात नाही करायची? त्या म्हणाल्या, प्रकल्प आदिवासी समाजापुरताच मंजूर आहे. मी मान डोलावली. तेव्हा मला ते उत्तर पुरलं. आज विचार करते तर अंगाचा भडका उडतो. ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे पाणी एकच, दवाखाना एक, मेडिकल एक, आठवडी बाजाराला बसणारा डॉक्टर एक, आणि डबी फक्त वरच्यांच्या हातात.

डब्या मी लसीच्या निळ्या पेटीतून बर्फ घालून पाठवल्या. आमच्या खात्यात त्या पेटीला कॅरिअर म्हणतात. माझ्याकडे दोन. एक लसीचा, आणि एक झाकण तुटलेला, जो मी लसीला वापरत नाही. त्याला सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधून काम भागवलं.

मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. मी लसीकरणाच्या गडबडीत होते, मांडीवर एक रडकं पोर.

"सिस्टर, तुमच्या वस्तीवर बरेच कॅरिअर निघालेत."

"बरेच कुठले? दोनच आहेत. एकाचं झाकण तुटलंय. नवीन मागितलेत जानेवारीपासून, अजून पत्ता नाही."

पलीकडे मॅडम इतक्या हसल्या, की मांडीवरचं पोर गप्प झालं. मग त्यांनी मला नीट समजावलं. ज्यांच्या आतड्यात हे औषधाला न जुमानणारे जंतू राहतात, पण ज्यांना आजार काही नाही, त्या माणसांना त्या कॅरिअर म्हणत होत्या. हे लोक आजारी नाहीत. त्यांना काही औषध द्यायचं नाही, उलट औषधांच्या माऱ्यानंच हे जंतू पोसले जातात. साबणानं हात धुणं, पाणी झाकणं, गरज नसताना गोळ्या न घेणं, एवढंच. काहींच्या पोटातून ते आपोआप जातातही. आणि त्या शेवटी म्हणाल्या, "शहरात तपासलं तर तिथंही हवे तेवढे सापडतील. कोणी बघत नाही, एवढंच."

हे वाक्य त्या फोनवर बोलल्या. कागदावर त्यांनी ते कुठं लिहिलं असेल तर माझ्यापर्यंत आलेलं नाही. प्रत्येकाला त्याचा निकाल मराठीत, बंद पाकिटात देऊ असं त्यांनी वस्तीला सांगितलं होतं. पाकीट एकही आलं नाही. माझ्या फोनवर इंग्रजीतला एक तक्ता आला आणि खाली निरोप, की होय आलेल्यांच्या डब्या शनिवारपर्यंत पुन्हा पाठवा.

आता माझी चूक.

शनिवारला तीन दिवस होते. मी तक्ता मराठीत केला. क्रमांक, नाव, वय, घर. शेवटच्या रकान्याला काय लिहावं? कॅरिअर लिहिलं तर माझ्यासारखाच कोणीतरी गोंधळ घालेल. म्हणून मी शब्दकोशातला शुद्ध शब्द घेतला आणि लिहिलं, वाहक. त्याखाली होय किंवा नाही. वर उपकेंद्राचा शिक्का, खाली माझी सही. फोटो काढला आणि गावच्या आरोग्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. "खालील यादीतील वाहकांनी शनिवारी सकाळी सात वाजता डबीसह शाळेच्या ओट्यावर हजर राहावे. चुकवू नये."

त्या ग्रुपवर आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, हेडमास्तर आहेत, दुकानदार आहेत, अर्धं गाव आहे. रुग्णाचं नाव चारचौघांत घेऊ नये हे मी स्वतः आशांना प्रशिक्षणात शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते. आणि त्या दिवशी माझ्या मनात तो विचार एकदाही आला नाही, कारण मला शनिवारची घाई होती आणि माझ्या डोक्यात ती माणसं नव्हती, डब्या होत्या.

पहिला माणूस त्याच संध्याकाळी आला. वस्तीवरचा, तीन लेकरांचा बाप, दहावी पास. हातात प्लॅस्टिकची फाईल.

"बाई, कागदपत्रं आनलीत समदी. दाखल्याची झेरॉक्स बी हाय."

"कशाची कागदपत्रं?"

"वाहकाची. एसटीच्या भरतीचा फारम भरला व्हता मी. यादीत माझ्यापुढं होय हाय."

एसटीत ड्रायव्हरच्या मागे पाटी असते, चालक आणि वाहक. आमच्या भागात वाहक म्हणजे कंडक्टर, दुसरा अर्थ कोणाला ठाऊकच नाही. मला तो शब्द निवडताना ती पाटी का आठवली नाही, हे मी आजवर स्वतःला विचारते. दर आठवड्याला तालुक्याला त्याच गाडीनं जाते मी. त्या माणसाला मी खाली बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. तो समजला. फाईल बंद करताना म्हणाला, "म्हंजी नोकरी न्हाई, रोग हाय." मी म्हटलं, रोग पण नाही. तो म्हणाला, "मंग यादी कशाला लावली?"

दोन दिवस गाव नुसतं हसलं. वस्तीवरचं कोणी खाली दिसलं की पोरं तिकीट मागायची. मग कोणीतरी फोनवर शोधाशोध केली आणि लाल अक्षरातली कसलीतरी भीतीदायक बातमी ग्रुपवर आली. त्यानंतर हसणं थांबलं. पुढच्या सोमवारी हेडमास्तरांनी मावशींना सांगितलं, चार दिवस येऊ नका. यादीत मावशींपुढे होय होतं. त्यांच्या सासूपुढे नाही होतं. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघी.

चार दिवसांनी मी शाळेत गेले. पटसंख्या तपासायच्या निमित्तानं, पण खरं बघायला गेले होते. स्वयंपाकाची खोली फिनाईलनं धुतलेली. नवीन पळी आणलेली. मावशींनी स्वतः जिंतूरच्या बाजारातून आणलेली लांब दांड्याची पळी, तेरा वर्षं जिनं या गावच्या पोरांना वाढलं, ती बाहेर कुंपणाच्या तारेला अडकवली होती. आणि शाळेच्या संडासच्या नळाला पाणी नव्हतं. तेव्हाही नव्हतं, त्याआधी वर्षभरही नव्हतं, आणि साबण तर मी तिथं कधी बघितलेलाच नाही. फिनाईलला पैसे होते.

ती तारेवरची पळी बघून माझे कान तापले. माझी आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. आमचं बौद्ध घर. मालकीण पाणी द्यायची तर वरून ओंजळीत ओतायची, आणि आईसाठी चहाची एक कानतुटकी कपबशी गोठ्याच्या खुंटीला वेगळी टांगलेली असायची. मी सहा-सात वर्षांची होते, मला ती खुंटी अजून दिसते. मी शिकले, नोकरीला लागले, लोकांच्या घरात शिरून त्यांच्या लेकरांच्या तोंडात थेंब घालते, आणि माझ्याच शिक्क्याच्या कागदानं एका बाईची पळी तारेवर टांगली गेली. राग कुणाचा करायचा याची यादी मी त्या दिवशी केली. पहिलं नाव माझं लिहिलं. पण बाकीची नावंही खोडली नाहीत.

त्यानंतर मी जे केलं ते असं. ग्रुपवर खुलासा टाकला, तीनदा. हात जोडलेल्या चित्रांपलीकडे उत्तर नाही. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, प्रकल्प मार्चअखेर संपला, मी आता दुसऱ्या राज्यात असते, तुम्ही संस्थेला मेल करा. मेल केला. मेल मिळाल्याचा मेल आला. वरच्या साहेबांकडे गेले, म्हटलं, ही बाई निरोगी आहे, तिला शिजवायला हरकत नाही, एवढं लिहून द्या. ते म्हणाले, फिटनेसच्या नमुन्यात संसर्ग आहे का असा रकाना आहे. तिथं नाही लिहिलं तर तुमची यादी आडवी येते, होय लिहिलं तर बाईंची नोकरी जाते. तिसरा रकाना नाही. मग त्यांनी मलाच विचारलं, "मुळात तुम्ही यादी टाकलीत कशाला?"

मे महिन्यात मी आणखी एक काम केलं, जे कुणी सांगितलं नव्हतं. माझं जुनं औषध-रजिस्टर काढलं. हे जंतू वस्तीवर कोणी पोसले ते मला बघायचं होतं. मला वाटलं होतं, बाजारचा डॉक्टर सापडेल. तो सापडलाच, लोकांच्या तोंडून. ताप आला की सलाइन, खोकला आला की इंजेक्शन, आणि कागदाच्या पुडीत नाव नसलेल्या चार गोळ्या. मेडिकलवाला सापडला, तो एक-एक गोळी कापून विकतो. कोंबड्यांना पाजायच्या औषधाची बाटली सापडली, त्यातही अँटिबायोटिकच. पण त्याच रजिस्टरमध्ये माझं अक्षरही सापडलं. मुदत संपत आलेला अँटिबायोटिकचा साठा मार्चच्या आत संपवा, असा निरोप वरून यायचा आणि मी तो संपवायचे. सर्दीला, हगवणीला, अंगदुखीलासुद्धा, पाच दिवसांचा कोर्स लिहून तीन दिवसांच्या गोळ्या, कारण सगळ्यांना पुरवायचं होतं. माझा साठा दर वर्षी शून्यावर यायचा आणि मला शाबासकी मिळायची. वस्तीच्या आतड्यात जे वाढलं, ते आम्ही सगळ्यांनी वरून घातलं. त्यांनी फक्त खरं काय ते डबीत भरून दिलं.

आता बैठक.

मृग लागला होता, अध्यक्षांचं अर्धं लक्ष दुकानातल्या बियाण्याच्या गिऱ्हाइकांकडे होतं. हेडमास्तरांनी इतिवृत्ताचं रजिस्टर उघडलं आणि मला म्हणाले, "सिस्टर, आम्ही काही डॉक्टर नाही. यादी तुमची, शब्द तुमचा, सही तुमची."

मी म्हटलं, "तिन्ही माझं. म्हणूनच आले. मावशी आजारी नाहीत. हे पोटातले जंतू तुमच्याही पोटात असू शकतात. शिजलेल्या अन्नातून ते जात नाहीत, न धुतलेल्या हातानं जातात. संडासला पाणी द्या, साबण ठेवा, मावशींना परत घ्या."

"लेकरायच्या जिवाचा सवाल हाय, बाई," अध्यक्ष म्हणाले. "उद्या एखाद्याला हगवन लागली तर लोक माझं दुकान फोडतेल."

मावशींची सासू दाराशी बसली होती. तिथूनच बोलली, "हगवन लागाया माझी सून कशाला पाह्यजे? मागल्या साली तुमच्या टाकीत मेलेली खार निघाली, तवा कोन कंडक्टर व्हतं तिचं?"

आशाताईंनी तोंडाला पदर लावला. हेडमास्तर म्हणाले, "आजी, विषय टाकीचा नाही."

"विषय आमचाच अस्तोय की नेमी."

मावशी खिडकीतून कुंपणाकडे बघत होत्या.

अध्यक्ष म्हणाले, तूर्तास त्यांच्या भावजयीचा बचत गट खिचडी शिजवेल, तात्पुरतं. एप्रिलपासून तोच शिजवत होता. तात्पुरतं हा शब्द हेडमास्तरांनी रजिस्टरमध्ये लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

तेव्हा मी पिशवीतून उरलेल्या डब्या काढून टेबलावर मांडल्या. एक हेडमास्तरांपुढे, एक अध्यक्षांपुढे, दोन मधे, बचत गटासाठी.

"हे काय?"

"डबी. उद्या सकाळची. वस्तीनं दिली, आता गावानं द्यायची. ज्यांचं नाही येईल त्यांनीच शिजवायचं, त्यांनीच वाढायचं, त्यांनीच पोरांच्या वह्या तपासायच्या."

अध्यक्षांनी पेनच्या टोकानं डबी लांब सारली. "बाई, च्या यायलाय. उचला आधी हे."

"घ्या की," सासू म्हणाली. "आमी घेतली तवा काय सोन्याची व्हती?"

"असं कुठं असतं का? आमी काय वस्तीवर राहतो?"

"ओढा वरून खाली वाहतो, अध्यक्षसाहेब," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. "पोरं एका बाकावर बसतात. तुमच्या दुकानातलं सुटं तेल, गूळ तुम्ही ज्या हातानं मोजता ते हात कुणी तपासलेत? वस्तीवर सापडलं, कारण वस्तीवरच शोधलं. तुमच्यात सापडलं नाही, कारण तुम्हाला कुणी विचारलं नाही. एवढाच फरक आहे, आणि एवढ्यावर तुम्ही बाईचं काम काढून घेता?"

अध्यक्षांनी पेन खिशात ठेवलं. मला वाटलं, जिंकले. मग हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी शांतपणे विचारलं, "सिस्टर, तुम्ही स्वतः दिली का डबी?"

मी दिली नव्हती.

दोन आठवडे मी वस्तीवर दारोदार फिरले होते, भरलेल्या डब्या माझ्या हातानं पेटीत लावल्या होत्या, आणि एक डबी आपली असावी हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी यादी करणारी. यादीत नसणारी.

"मी प्रकल्पात नव्हते," मी म्हटलं. मला माझंच उत्तर ऐकू आलं, मॅडमसारखं.

अध्यक्ष आता पुढे सरकले. दुकानदार माणूस, सौदा दिसला की डोळे उघडतात. "ऐका बाई. तुमी रोज लेकरायच्या तोंडात थेंब टाकता. सुई टोचता. तुमी तपासून घ्या. तुमचं बी होय आलं, आन तरीबी तुमी काम करायलात, तर मंग मावशीचं बी चालंल. मी स्वतः लिहून देतो. घ्या लिहून, गुरुजी."

हेडमास्तरांनी लिहिलं. आरोग्यसेविकेचा तपासणी अहवाल प्राप्त झाल्यावर पुढील निर्णय. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. मावशींनी सही केली, सासूनं अंगठा दिला आणि शाई पुसायला हेडमास्तरांचाच खडूचा फडका उचलला.

परत येताना मावशी माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चालल्या. मी माफी मागितली. आधीही मागितली होती, पण आधी मी सोबत खुलासा द्यायचे. या वेळी नुसती मागितली.

"तुमी लिहायला लय चपळ, बाई," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पण हसूनही नाही. "मला चार पैशाचं दुखत न्हाई. पोरं रस्त्यात मला बघून टिंग टिंग करत्यात. एसटीची घंटी. मीच भरवलेली पोरं. मागून ताट पुढं करून, मावशी, थोडी करपलेली वाढ म्हणायची, तीच." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "तुमची डबी द्या लवकर. आन माझी पळी तारेवरून काढून आना. पावसात गंजंल."

पळी मी दुसऱ्या दिवशी सकाळी तारेवरून काढून वस्तीवर पोहोचवली. वहीत त्याच्यापुढे खूण आहे. शाळेच्या संडासला पाणी यावं म्हणून ग्रामपंचायतीला तीन अर्ज दिले, तिसऱ्यानंतर नळ जोडला. खूण आहे. साबणाची वडी मी दर सोमवारी स्वतः ठेवते आणि दर बुधवारी ती चोरीला जाते, तरी ठेवते. आठवडी बाजारच्या डॉक्टरची लेखी तक्रार केली, पोच जपून ठेवलीय. सर्दीला अँटिबायोटिकची गोळी देणं मी थांबवलं. लोक रुसतात, म्हणतात, बाई आता गोळ्या दाबून ठेवायल्या. माझा साठा शून्यावर येत नाही, त्याचा खुलासा वरून मागितला. दिला.

डबीचंही ठरवलं. परभणीतला एक ओळखीचा लॅबवाला तयार आहे. तो म्हणाला, ही साधी तपासणी नव्हे, वेगळी लावावी लागते, पण मी लावून देतो. सकाळची हवी, गार हवी आणि दुपारच्या आत माझ्या हातात हवी. म्हणजे सकाळची पहिली जिंतूर गाडी, तिथून परभणी. काम एका दिवसाचं. १२ जूनच्या पानावर ते पहिल्या क्रमांकावर आहे.

१३ जूनला लसीकरण होतं. मग सर्वेक्षण. मग एक बाळंतीण. मग गाडी आली नाही. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कारण खरं नाही. माझ्यासारखी बाई, जिनं पुरात ओढा ओलांडून लस नेली, तिला एक डबी परभणीला नेता येत नाही, असं होत नसतं.

सुरुवातीला मला वाटायचं, मला 'होय'ची भीती आहे. होय आलं तर खालच्या गावातल्या आया माझ्या हातून थेंब घेतील का? गोवराची सुई राहिलेलं एक पोर म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, मला आहे. ती भीती आहेच. पण ती मी पेलीन. एका दुपारी रजिस्टरच्या रेघा मारताना मला दुसरी भीती सापडली, ती 'नाही'ची. नाही आलं तर हेडमास्तर रजिस्टर उघडून अगदी शांतपणे लिहितील, की बाई स्वच्छ निघाल्या. मग गाव म्हणेल, बघा, खोट वस्तीतच आहे. तात्पुरतं खालची रेघ कायमची होईल. मावशींचं काम माझ्या आतड्यात काय आहे यावर टांगलंय, आणि ती टांगणी मीच डब्या मांडून करून दिली. एका बाईला शिजवू द्यावं हे ठरवायला दुसऱ्या बाईचं शौच तपासावं लागतं आणि ही अट लिहिताना सहा जणांपैकी एकालाही हसू आलं नाही, मलासुद्धा.

तरी ती द्यायलाच हवी. मावशी दर गुरुवारी मुलाच्या लेकराला लसीला किंवा वजनाला घेऊन येतात आणि माझ्या टेबलाखाली बघतात. तिथं झाकण तुटलेला कॅरिअर आहे, सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलेला. त्यात रिकामी डबी आहे. लेबल लावलंय, माझं नाव, वय आणि घर माझ्याच अक्षरात. बर्फाच्या पिशव्या फ्रीजमध्ये गोठवून तयार असतात.

आज सकाळच्या पानावर सात कामं होती. सहांपुढे खूण झाली. सातवं मी आत्ता उद्याच्या पानावर उतरवलं : डबी, सकाळची. पहिली जिंतूर गाडी.